एअरब्रशविना गंज

कोणतीही वस्तू खरी वाटायला हवी असेल, तर आधी ती खराब करावी लागते. प्लास्टिकच्या छोट्या रणगाड्यांच्या बाबतीत या कामाला वेदरिंग म्हणतात आणि ते शिकवणारं एक मंडळ विजय नगरात आहे. सभासद चौदा. तेरा जणांकडे एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणारं यंत्र, आहे. चौदावी मी. माझी नोंद 'फवारावंचित' या प्रवर्गात झाली. (या प्रवर्गाला खुर्ची मिळते, पंख्याखालची नाही.)

रणगाडा बाबांचा, वीतभर लांब. महूच्या छावणीत कारकुनी करताना त्यांनी खरे रणगाडे पुष्कळ पाहिले, पण तपासणीसाठी धुतलेले. निवृत्तीनंतर त्यांना चिखलातला एक करायचा होता. मार्चमध्ये हिरवा रंग देऊन झाला. एप्रिलमध्ये बाबा गेले. उरलेलं काम मी घेतलं.

वंचितांसाठी मंडळाने घालून दिलेली पद्धत निर्दोष आहे. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करावा आणि कडांवर टिपावा. रंग उडाल्यासारखा दिसतो. गेरू पातळ करून सांध्यांत सोडला की गंज. खडूची पूड चाकांवर टाकली की धूळ. मात्र प्रत्येक डागाचं कारण फॉर्मवर लिहावं लागतं. विनाकारण डाग म्हणजे कचरा, आणि कचऱ्याबाबत, स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या शहराची भूमिका सगळ्या देशाला ठाऊक आहे. मी एकतीस कारणं लिहिली. (नऊ डाग चुकून पडले होते, कारणं मागाहून सुचली.)

बत्तिसाव्या डागावर सचिव रजतजी थांबले. तोफेच्या बुरुजावर बाबांच्या अंगठ्याचा ठसा होता, रंग ओला असताना उमटलेला.

"मंजुषाजी, ये तो डिफेक्ट है. सँडपेपरने घासून टाका, दोन मिनिटांचं काम."

"राहू दे."

"अरे, स्केल तर बघा! एकास पस्तीस. ह्या अंगठ्याचा माणूस एकशे नव्वद फुटांचा होतो."

"तेवढेच होते."

रजतजींनी कॅल्क्युलेटर खिशात ठेवला. "बरं, थोडा कीचड़ लगा दो. झाकून जाईल."

चिखल मी चाकांना लावला. कारणाच्या रकान्यात 'बाबा' लिहिलं. मंडळाने शेजारी 'मानवी चूक' असा शेरा मारला आणि नियम सातनुसार रणगाडा प्रदर्शनातल्या स्पर्धेबाहेर, दाराजवळच्या टेबलावर ठेवला.

प्रदर्शनाला दोनशे बारा लोक आले. माझ्या खोट्या गंजाचे पुष्कळ फोटो निघाले. 'कितना असली लगता है' असं त्रेपन्न जण म्हणाले. त्यानंतर ठसा दिसला, की त्यांचा हात रुमालाकडे जायचा. 'हात लावू नये' अशी पाटी मी दोन भाषांत लावली होती.

तुम्हीही आला होतात. गंजाचा फोटो काढलात, पाटी वाचलीत, इकडेतिकडे पाहिलंत आणि रुमालाला जरा थुंकी लावून तीनदा घासलंत. हेतू स्वच्छतेचाच होता, याबद्दल मला शंका नाही.

रंग पक्का आहे.