शाबासकीचा हार

या बाप्पा, टेका जरा इथं धुऱ्यावर, या बांधावर. माणसाचा हुरूप कसा वाढवावा, याची एक गोष्ट सांगतो. त्यातला मी आता मास्तरच झालो!

मोबाईलवर एक कोटवाला सांगून राह्यला होता, "चारचौघात कौतुक करा, माणूस दुप्पट काम करते!" मले पटलंच. इकडं माया सोयाबीनले तणानं असं घेरलं होतं, जसं नवरदेवाले साळ्यांनी! म्हटलं, निंदणाऱ्या बायांवर हेच करून पाहू.

बायको पुष्पांजली म्हणे, "अवो, त्या गप्पा मारत निंदतात न, निंदू द्या. तुमी तोंड नका घालू."

"तुले काय समजते!"

हार घेऊन गेलो वावरात. आमच्याकडं बाया एकएक तास, म्हंजे पिकाची एकएक ओळ, धरून निंदतात. जिचा तास आधी सरला, ती मांगच्या बाईच्या तासात शिरते. मंग साऱ्या संगच धुऱ्यावर निंगतात. म्या पाह्यलं, छाया सगळ्यायच्या पुढं!

"थांबा! आज छाया एक नंबर!" अन् टाकला हार तिच्या गळ्यात!

पोरगी मिरचीवाणी लाल. "दादा, काढा हो हे!"

मले अजूनच चढलं. सगळ्यात मांगं सिंधूताई होती. म्हटलं, "ताई, जरा छायासारखं व्हा!"

सिंधूताई म्हणजे छायाची सासू! हे मले ठाऊक नव्हतं काय? होतं! लग्नात तीनदा बुंदी मांगून जेवलो होतो!

खुरपं खाली. गप्पा बंद.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई आली नाई. तिच्याशिवाय सून कशी येईन? बाकीच्या आल्या, पण कोणी कोणाच्या तासात शिरेना. म्हणे, "आपला नंबर जाईन न!" मंग त्याबी दुसऱ्याच्या वावरात गेल्या. धुऱ्यावर फक्त मी अन् बगळे!

गेलो सिंधूताईच्या घरी. कोटवाला म्हणे, बोलताना हसत राहा. हसत उभा राह्यलो.

"हसून काऊन राह्यला रे भगवान? माया दुखऱ्या गुडघ्यायले?"

"नाई ताई, तसं नाई..."

"तुया मायसंगं निंदलं म्या त्या वावरात. तवाबी मीच मांगं राहो. पण मी मांगं आहो, हे मले कोणी कधी समजू नाई देल्लं."

बाप्पा, मले पायातली चप्पलबी सापडेना.

आता मी अन् पुष्पांजली दोघंच निंदून राह्यलो. ती गेली पुढं, वळूनबी पाहत नाई. हुरूप काय तो फक्त तणाले आहे!

तुमी अमडापूरकडं जाऊन राह्यले न? रस्त्यातच सिंधूताईचं घर लागते. माया एवढा निरोप द्या. म्हणा, भगवान लय मांगं राह्यला. त्याच्या तासात या.