मच्छरदाणीत पारखलेला दिवा

दुर्गापूजेचा वार्षिक अंक घरात आला आणि त्या दिवसापासून सुरमाला उजेडात झोप येईनाशी झाली. नवऱ्यानं मच्छरदाणीत शिरून अंकातली रहस्यकादंबरी उघडायचा अवकाश, की ती दिवा घालवायची. हरिसाधनचा जीव टांगणीला लागला होता. सोमवारच्या आत खुनी कळला नाही, तर ऑफिसातली मंडळी चहाबरोबर त्याचं नाव फोडून मोकळी होणार होती. म्हणून शनिवारी दुपारी माशाचं कालवण आणि भात हाणून तो बायकोसकट चंदननगरच्या बाजारात आला. पुस्तकाला चिमट्यानं लावायचा छोटा दिवा घ्यायचा, आणि तोही तिच्याच पसंतीनं.

दुकानदार तारापदबाबूंची सगळी हयात पूजेच्या मांडवांवर दिव्यांचे मोर नाचवण्यात गेलेली. त्यांनी काढलेला पहिलाच दिवा लुकलुकू लागला.

"अहो, हा मिचकावतोय!" हरिसाधन म्हणाला.

"मग? चंदननगरचा दिवा नुसता जळत बसेल होय?" तारापदबाबू दुखावले.

दुसरा दिवा पाहून सुरमाला ऑपरेशनची खोली आठवली. तिसऱ्याच्या उजेडात तिला नवऱ्याचं नाक भेसूर दिसलं. "रोज झोपताना हे बघू का मी?" दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. हरिसाधननं नाक झाकलं.

"वहिनी, असं उभ्यानं नाही कळायचं," तारापदबाबू चौथा दिवा काढत म्हणाले. "मच्छरदाणीत शिरून बघा. मागच्या खोलीत माझी दुपारची खाट आहे."

"अगंबाई! परक्याच्या दुकानात झोपू?"

"वहिनी, अर्धं चंदननगर झोपून गेलंय तिथं."

सुरमा नाइलाजानं आत शिरली आणि आडवी झाली. "माझी पापणी जरा जरी हलली ना, तर दिवा घ्यायचा नाही," तिनं बजावलं. हरिसाधन उशाशी बसला. पिशवीतला अंक काढून त्यानं दिवा लावला. पण पोटात मासे-भात होता आणि वेळ दुपारी दोनची. तीन मिनिटांत सुरमा अशी घोरायला लागली की मच्छरदाणी थरथरू लागली.

हरिसाधननं जाळीतून मुंडकं बाहेर काढलं. "या, या सगळे! ऐका! हिला म्हणे उजेडात झोप लागत नाही!" मग विजयी मुद्रेनं त्यानं कादंबरी पुढे सुरू केली. पान दोनशे बारा. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, बोट उगारलं, आणि पुढच्या पानावर केशतेलाची जाहिरात. पान दोनशे एकोणतीस! मधली सोळा पानं ब्लेडनं सुबक कापलेली.

"अगं ए! ऊठ! पानं कुठायत?"

"श्रीरामपूरला," सुरमा डोळे न उघडताच म्हणाली. "ताईच्या कपाटात."

"का पण?"

"मी अजून सहाव्या प्रकरणावर आहे. गेल्या वर्षी जेवताना काय म्हणालात? 'खून जावयानं केला, डाळ वाढ.' वर्षभर मनात ठेवलंय मी. नुसते दिवे घालवून तुम्ही थोडेच थांबणार होतात? माझं वाचून झालं की आणीन पानं."

"कधी होईल?"

"दुपारी कामं आवरून चार पानं होतात. कालीपूजेपर्यंत होईल."

जाळीबाहेर कोणीतरी खुदकन हसलं. हरिसाधन खाटेवरून उतरला आणि तारापदबाबूंसमोर जाऊन उभा राहिला.

"तुमच्याकडचा सगळ्यात झगझगीत दिवा काढा. हिला रात्रीही वाचायला. आणि बंद करायचं बटण नसलं तर फारच उत्तम."