अडगळीच्या खोलीतला दुसरा आवाज

या कथेचे नायक स्वतःचं वर्णन स्वतःच करतात, त्यामुळे माझं काम सोपं आहे. त्यांनी छापून घेतलेल्या कार्डावर असा मजकूर आहे: 'अचूक निरीक्षण, निर्दय तर्क, निश्चित उलगडा. कोणतंही गूढ माझ्या नजरेला पडल्यावरच गूढ राहतं.' मूळ मजकुरात 'पडेपर्यंतच' असं होतं. छापखान्यात गडबड झाली. पाचशे कार्डं वाटून संपत आली तरी ही चूक त्यांच्या अचूक निरीक्षणात आलेली नाही, आणि बाकी कुणाला ती चूक वाटलेली नाही.

हे माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. दिवसा ते एका विमा कंपनीच्या टपाल विभागात पाकिटांवर शिक्के मारतात. उरलेल्या वेळात ते गुप्तहेर असतात. मी त्यांचा सहायक. या पदासाठी माझी निवड कशी झाली हे मला माहीत नाही, आणि सख्खा मेहुणा असल्यामुळे राजीनामा कुणाकडे द्यायचा हेही माहीत नाही.

आता प्रकरणाकडे येतो. ताई एकोणीस वर्षं बसस्थानकावर घोषणा देत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, किती उशिरा सुटणार, हे सगळं तिच्या आवाजात शहराने ऐकलं. उशिराची बातमीसुद्धा ती अशी सांगायची, की माणसं शांतपणे पुन्हा बाकावर बसायची. मग एक दिवस तिथे यंत्र आलं. ताईला एक पुष्पगुच्छ मिळाला आणि यंत्राला तिची खुर्ची. यंत्राला खुर्ची कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही.

दोन महिने ताई घरात जवळजवळ बोललीच नाही. मग तिला कळलं, की एक संस्था पुस्तकं ध्वनिमुद्रित करते आणि वाचणाऱ्यांच्या शोधात आहे. घरूनच ध्वनिमुद्रण करून पाठवायचं. तिने चार बाय सहाची अडगळीची खोली रिकामी केली, भिंतींवर जुन्या रजया टांगल्या, एक बरा माइक आणला. राहिले हेडफोन.

"मी एकटी जाऊन आणते," ताई म्हणाली.

"निवड हा तर्काचा प्रांत आहे," दाजी म्हणाले, आणि बूट घालायला लागले.

दुकानदार सज्जन माणूस होता. त्याने काउंटरवर तीन नमुने मांडले. पहिला काळा, जाडजूड, दोन वाट्या उपड्या घालाव्यात तसा कान पूर्ण झाकणारा. दुसरा बिनतारी. तिसरा देखणा, मागच्या बाजूने चंदेरी जाळीचा, किंमत पहिल्याच्या तिप्पट.

"हे बिनतारी जरा उशिरा आवाज पोचवतात," दुकानदार म्हणाला.

"तार नाही म्हणजे मागही काढता येत नाही. बाद," दाजी म्हणाले. मग त्यांनी तो काळा उचलून भिंगातून पाहिला. "हा सगळीकडून बंद आहे. आणि स्वस्त. बंद आणि स्वस्त. काहीतरी लपवतोय."

"अहो, तो कान झाकतोय," ताई म्हणाली.

"गुन्हेगारही तोंडच झाकतो." त्यांनी जाळीचा उचलला. "हा बघ. आरपार. लपवायला काही नाहीच. कारभार कसा उघडा."

ताईने तो कानाला लावून पाहिला. आवाज खरंच सुंदर होता, ती म्हणाली, खोलीत समोर बसून कुणी बोलावं तसा. दुकानदार पुढे वाकला. "आवाजाला तोड नाही. रेकॉर्डिंगसाठी मात्र..."

दाजींनी हात वर केला. "विक्रेत्याचं 'मात्र' म्हणजे आणखी काहीतरी गळ्यात मारायची तयारी. चला."

जाळीचा घेऊन आम्ही चललो.

ताईने नमुना पाठवला. मधमाश्या पाळण्याबद्दलच्या पुस्तकातली दोन पानं होती. दोन दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं: 'वाचन फार छान. पण मागे कुणीतरी बोलतंय. पुन्हा पाठवा.' तिने पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर, फक्त 'फार' हा शब्द गेला होता. शेवटची संधी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, असं खाली लिहिलं होतं.

आम्ही ध्वनिमुद्रण लावून ऐकलं. ताईचा आवाज म्हणत होता, 'राणीमाशी पोळं सोडून गेली, तर कामकरी माश्या गोंधळतात.' आणि त्यामागून, अगदी बारीक, डब्यातून आल्यासारखा, एका श्वासाइतका उशिरा दुसरा आवाज म्हणत होता, 'गोंधळतात.'

ताईचा चेहरा उतरला. दाजींचा उजळला.

पहिला संशय शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंवर गेला. त्यांची भिंत आमच्या अडगळीच्या खोलीला लागून आहे. दाजींनी त्यांना दारातच गाठलं.

"काल दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही 'गोंधळतात' असं म्हणालात का?"

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "काल तीन वाजता मी भूमिती शिकवत होते."

दाजींनी हे कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं. नंतर बाईंनी स्वतःहून शिकवणीची वेळ बदलली. दुसरा आवाज काही बदलला नाही.

दुसरा संशय बसस्थानकावरच्या यंत्रावर. त्याने ताईची खुर्ची घेतली, आता तिचा आवाजही घ्यायला निघालंय, असा तर्क. दाजी दोन तास फलाटावर कान देऊन उभे होते. तेवढ्या वेळात यंत्राने एकच गाडी दोन वेगवेगळ्या फलाटांवर लावली, आणि दाजी चुकीच्या गाडीत चढून शहराबाहेरच्या डेपोत पोचले. परत आल्यावर म्हणाले, "यंत्र निर्दोष आहे. ते कुणाचं ऐकतच नाही."

तिसरा संशय माझ्यावर. "गुन्हेगार नेहमी सर्वांत जवळचा असतो," ते म्हणाले आणि मला स्वयंपाकघरात बसवून माझ्या तोंडात एक अख्खं बिस्किट ठेवलं. ते न चावता धरायचं होतं. ताईने दोन पानं वाचली. दुसरा आवाज होताच. माझी सुटका झाली, पण संशयाचा फायदा देऊन. बिस्किट पुरावा म्हणून जमा झालं.

चौथा संशय भिंतीवर. आवाज भिंतीवर आपटून परत येतोय, म्हणून घरातली उरलेली पांघरुणं, दोन सतरंज्या आणि माझा लोकरी कोट खोलीत टांगला गेला. खोलीत आता माणूस कडेकडेने शिरायचा. दुसरा आवाज मात्र जागा करून बसला होता.

गुरुवारी संध्याकाळी ताई म्हणाली, "राहू दे. आपल्याला जमणारं काम नाही हे. उद्या त्यांना कळवून टाकते."

ती हे साध्या आवाजात म्हणाली, गाडी रद्द झाल्याची घोषणा करावी तसं.  दाजींनी वही मिटली. मग म्हणाले, "उद्या दहा वाजता सगळे संशयित एका खोलीत. तिथेच उलगडा करतो." ताईने मान डोलावली. तिला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

शुक्रवारी दहा वाजता चार बाय सहाच्या त्या खोलीत, दोन सतरंज्यांच्या मध्ये, ताई, मी, शिकवणीवाल्या बाई आणि दाजींच्या आई, एवढे जण उभे होतो. आईंवर संशय नव्हता. त्यांचं विणकाम खोलीत राहिलं होतं, ते घ्यायला त्या आल्या आणि गर्दीमुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही. त्या ताईच्या खांद्याला खांदा लावून खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि विणू लागल्या.

"आपल्यापैकी एक जण," दाजी दारातून म्हणाले, कारण आत जागा नव्हती, "आपल्यापैकी एक जण पोटातून बोलतो."

"मी भूमिती शिकवते," बाई म्हणाल्या.

"शांतता. तू वाच."

ताईने जाळीचे हेडफोन लावले, बटण दाबलं आणि वाचायला लागली. आम्ही सगळे एकमेकांच्या पोटांकडे बघत होतो. 'राणीमाशी पोळं सोडून गेली, तर...'

आईंच्या सुया थांबल्या. त्यांनी मान तिरकी करून ताईच्या कानाजवळ नेली, ऐकलं, आणि ताईचा दंड हलवला.

"अगं, तुझ्या कानातून तूच बोलतेयस."

"काय?"

"या जाळीतून. सगळं बाहेर येतंय. एवढ्या जवळ बसल्यावर स्वच्छ ऐकू येतं मला."

ताईने हेडफोन काढून हातात धरले. माइकसमोर एक शब्द उच्चारला. हातातल्या जाळीतून तोच शब्द निघाला, एका श्वासाइतका उशिरा, आणि समोरच्या माइकमध्ये शिरला. ताईचा आवाज संगणकातून फिरून जरा उशिराने हेडफोनमध्ये जात होता, जाळीतून बाहेर येत होता आणि माइक तो इमानदारीने पुन्हा टिपत होता. आठ दिवस शेजारी, यंत्र, भिंत आणि मेहुणा यांच्यावर पाळत ठेवली गेली, आणि गुन्हेगार ताईच्या डोक्यावर बसून होता.

"कारभार कसा उघडा," ताई म्हणाली. दाजींकडे तिने पाहिलंही नाही.

"मी याच निष्कर्षाच्या अगदी जवळ होतो," दाजी म्हणाले.

"तू दारात होतास," आई म्हणाल्या.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी धावत दुकान गाठलं. धापा टाकत काही सांगायच्या आत दुकानदाराने त्या काळ्या, उपड्या वाट्यांच्या हेडफोनचा खोका काउंटरवर ठेवला.

"त्या दिवशी माझं वाक्य राहून गेलं होतं," तो म्हणाला.

"आता पूर्ण करा."

"रेकॉर्डिंगसाठी मात्र हा घेऊ नका. एवढंच होतं. गाणी ऐकायला जाळीचा चांगला. पण माइकसमोर बसायचं तर कान बंद करणारा हवा, म्हणजे आतलं आत राहतं." त्याने पिशवी पुढे केली. "आणि आवाज जरा कमी ठेवायला सांगा."

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. ताईने काळे हेडफोन चढवले. त्यात ती खाणकामगारासारखी दिसत होती. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून तिने दार लावलं. बाहेर आई विणत होत्या, शिकवणीवाल्या बाई घरी जायचं विसरल्या होत्या, आणि दाजी खुर्चीच्या टोकावर बसून स्वतःचा श्वास दाबून धरत होते. इतका वेळ ते गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

अकरा चाळीसला दार उघडलं. आम्ही ऐकलं. राणीमाशी गेली, कामकरी माश्या गोंधळल्या, आणि त्यानंतर काहीही नाही. नुसती शांतता. ताईने ती शांतता दोनदा लावून ऐकली. अकरा बावन्नला नमुना गेला.

दुपारभर दाजी वहीत प्रकरणाचा अहवाल लिहीत होते. त्यात त्यांनी तपास अधिकारी म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, आईंना 'खबरी' म्हटलं, आणि 'हेडफोन कुणी निवडले' या रकान्यापाशी बराच वेळ पेन टेकवून बसले. शेवटी तिथे 'मी' असं लिहिलं. खूप बारीक अक्षरात, पण लिहिलं. मग उठून त्यांनी ताईला चहा करून दिला. साखर विसरले. ताईने तो तसाच प्यायला.

साडेचार वाजता उत्तर आलं. ताईने मोबाइल हातात घेतला, वाचला आणि दाजींपुढे धरला.

"काय लिहिलंय?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही वाचा. मोठ्याने. मला ऐकायचंय."

"तुला वाचता येत नाहीये का? डोळ्यांत पाणी दिसतंय. डाव्या डोळ्यात आधी आलं, म्हणजे..."

"अहो, वाचा ना."

दाजींनी भिंग खिशात ठेवलं आणि चष्मा लावला. घसा साफ केला.

"'आवाज स्वच्छ आहे,'" त्यांनी वाचलं. "'संपूर्ण पुस्तक आपण करावं अशी आमची इच्छा आहे. सोमवारपासून सुरुवात करता येईल का? आपला आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. आमच्या कार्यालयात सगळ्यांना वाटलं.'"

लिहिलं होतं तेवढंच त्यांनी वाचलं, त्यातून एकही निष्कर्ष काढला नाही. ताई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा एकदा." आणि दाजींनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.