उजेडाचा पायगुण

चिंतामण देवपुजारीच्या बैठकीतल्या दिव्याला भिंतीवर बटणच नव्हतं. खटका होता तो थेट छताला, दिव्याच्या शेजारी. घरमालकानं वायर वाचवली होती. त्यामुळे अमरावतीच्या त्या भाड्याच्या घरात दिवा लावायचा म्हणजे स्टूल मांडा, चढा, खटका ओढा, उतरा. चिंतामण शाळेत भूगोल शिकवी आणि घरी खाटेवर पडून आढ्याकडे बघत राही. अशा माणसाला स्टुलावर चढायला लावणं म्हणजे जुलूमच की नाही?

त्यानं डोकं चालवलं. दोऱ्याची रिकामी रिळं छताच्या फळ्यांना ठोकली, त्यांवरून सुतळी नेली, एक टोक खटक्याला बांधलं नि दुसरं खाटेला. एकदा ओढलं की उजेड, पुन्हा ओढलं की अंधार. पहिल्या संध्याकाळी तो तासभर नुसता ओढत पडला होता. ही सुतळी आणखी लांब असती तर? इथून हलकेच ओढली की तिकडे डोंगरावर, चिखलदऱ्याच्या धुक्यात, एकेक दिवा उमलत गेला असता. आणि हे सारं एक माणूस उशीवर डोकं ठेवून करतोय, हे कुणाला कळलंही नसतं.

"झालं असंल तर जेवून घ्या," कुंदा म्हणाली. बायको याहून जास्त काही बोलली नाही, याचं चिंतामणला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

रविवारी अकोटचे लोक त्याच्या बहिणीला, ताराला, पाहायला येणार होते. कुंदानं सकाळीच बजावलं, "तुमच्या कारागिरीचा एक शब्दबी काढू नका. वाशीमची सोयरीक काहून मोडली, आठवते ना?"

आठवत होतं. वाशीमकरांना त्यानं पायानं चालणारा पंखा दाखवला होता आणि पंख्यानं मुलाच्या काकांची टोपी ओढून नेली होती. भाऊ असा तर बहीण कशी असेल, म्हणत मंडळी उठली. त्याआधीची दोन स्थळंही अशीच गेली होती. तारा रागावली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "दादा, या खेपेस तू फक्त पोहे खाजो."

खाट आत गेली. सुतळी लोंबू लागली, तेव्हा कुंदानं तिचं टोक पडद्याआड, स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला घट्ट बांधून टाकलं. दार उतरणीचं, आपोआप मिटणारं. आता सुतळी कुठंच लोंबताना दिसेना.

बस उशिरा आली. मुलाची आई जाईबाई आणि मुलगा गोपाळकृष्ण सतरंजीवर टेकले, तोवर दिवेलागण झाली होती. दिवा लावायला स्टुलावर चढावं, तर पाहुण्यांची नजर रिळांवर जाऊन कारागिरीचा विषय निघणार, म्हणून चिंतामण अंधारात हसत बसला.

तारानं पोह्यांच्या बशा घेऊन दार उघडलं. खट. लख्ख उजेड.

जाईबाईंनी पदर सावरून दिव्याला हात जोडले. दिवा लागला की जोडायचेच असतात, सगळ्यांनीच जोडले. मग तारा लिंबू आणायला आत गेली. खट. अंधार. लिंबू घेऊन आली. खट. पुन्हा उजेड, पुन्हा सगळ्यांचे हात जोडलेले.

चिंतामणच्या ध्यानात आलं आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं. दार उघडताच कडी सुतळी ओढत होती. कुणी मुद्दाम न ओढता दिवा चालत होता, आणि हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पोरी, पाणी आण बरं," जाईबाई म्हणाल्या. अंधार. तारा पाणी घेऊन आली. उजेड. जाईबाई मुलाकडे वळल्या. "पाह्यलं काय गोपाळ? गेली का अंधार, आली का उजेड. काय पायगुण हाये पोरीचा!"

"अहो, पायगुण कशाचा," चिंतामणच्या तोंडून निघालंच, "ती तर माझी..."

तारा पाण्याचा पेला धरून त्याच्याकडे बघत होती.

"...माझी धाकटी बहीण आहे," असं म्हणून त्यानं तोंडात पोह्यांचा बकाणा भरला.

मुलगा मात्र आईकडे बघतही नव्हता. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनींच्या पट्ट्यांवर देखरेख करणारा तो माणूस मान वर करून छताकडे पाहत राहिला. मोडलं, चिंतामणला वाटलं. तेवढ्यात जाईबाईंनी तोंड गोड करायला साखर मागितली.

लग्न झालं. ताराच्या पायगुणाची गोष्ट अकोटभर पोचली. चिंतामणला आनंद होता, आणि खाटेवर पडलं की मनात कुठंतरी दुखतही होतं. आयुष्यात एक गोष्ट धड जमली होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

पंधरा दिवसांनी गोपाळकृष्णाचं बंद पाकीट आलं.

"दादा, आई रोज संध्याकाळी अंधारात बसून राहिली. सूनबाई आली का लागंल म्हणते, कोणाले बटणाले हात लावू देत नाही. बुधवारी आई तिच्या माहेरी चालली, तवा घर मोकळं आहे. रिळं मी आणून ठेवली आहेत, तुम्ही सुतळी घेऊन पहिल्या बसनं या. त्या दिवशी मी सारं पाहून घेतलं, पण कोपऱ्यातल्या रिळावर सुतळी घसरू नये म्हणून काय केलं, ते काही मले समजलं नाही. तेवढं शिकवून द्या."

शेवटची ओळ चिंतामणनं कुंदाला दोनदा वाचून दाखवली.