सिंधूच्या कॉम्प्युटरची खांदशेकणी

खानभाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि आतून तूप ओघळलं.

पिवळंधमक, हळद घातलेलं तूप. टेबलावरून खाली फरशीवर आलं. त्याच्या आधी बटण दाबल्याबरोबर फट्ट झालं होतं, धूर निघाला होता आणि घरभर बेसन करपल्याचा वास सुटला होता. खानभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, बोट तुपात बुडवलं, नाकाशी नेलं.

"बाई, हे काय हाये?"

"तूप," सिंधू म्हणाली.

"ते समजलं. आत कसं गेलं?"

"काल खांद शेकली त्याची. आज पोळा नाही का?"

सिंधूचा मुलगा प्रमोद पुण्याहून आला होता, तो दारात उभा होता. त्याने कपाळाला हात लावला. मी उंबऱ्यावर बसले होते. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही.

ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, पळसाच्या पानाने चोळतात, शेकतात. वर्षभर त्याने जू ओढलेलं असतं. मग त्याला जेवणाचं आमंत्रण देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे बैलाला करतात. कॉम्प्युटरला करणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती माझी धाकटी जाऊ आहे.

सिंधूबद्दल लिहायचं तर आधी सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. ती लग्न होऊन आली तेव्हापासून वाटतो. ती मॅट्रिक, मी चौथी. तिला खुर्चीतली नोकरी, मला गोठा. तिला मुलगा, मला कोणी नाही. दोघींचे नवरे गेले, तेवढं एक सारखं झालं. वर ती तूप खाऊन वाळलेली आणि मी कोरडी भाकर खाऊन फुगलेली. अशा बाईच्या भिंतीला भिंत लावून राहायचं आणि हेवा करायचा नाही, हे साधूने करावं.

आमची दोन घरं म्हणजे मुळात एकच घर. वाटणीत मधे भिंत आली. भिंतीत एक दार आहे, त्याची कडी माझ्या बाजूला आहे. ती मी लावून ठेवत असे.

सिंधूला एकच प्रश्न येतो. "झेपन का?" माणूस असो, वस्तू असो, ती आधी हे विचारणार. काळीपिवळी जीप भरली की ती चढायच्या आधी चाकांकडे बघायची आणि ड्रायव्हरला म्हणायची, "झेपन का रे बापू याले?" ड्रायव्हर म्हणे, "बसा ना मावशी, रोज झेपते." ही म्हणे, "रोजचं नको सांगू, आजचं सांग." तोवर जीप निघून जायची. लग्नाच्या पंगतीत बसली की यजमानाला बोलावून विचारायची, "एवढे लोक झेपतीन का तुमाले? नाही तर मी घरून जेवून येतो." बिचाऱ्या वधूपित्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

घरात नवा पाट, स्टूल, खाट काही आलं की मला हाक. "बाई, जरा बसा बरं यावर." मी बसायची. मोडलं नाही की ती टाळी वाजवून म्हणे, "झेपलं!" तिच्या घरातलं सगळं फर्निचर माझ्या वजनावर पास झालेलं आहे. एकदा प्लास्टिकची खुर्ची नापास झाली. मला कंबरेत लागलं, आणि ती मला उठवायच्या आधी दुकानदाराकडे तक्रार करायला गेली.

प्रमोदसाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा लोकांनी मुलीला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. सिंधू म्हणाली, "आमचा प्रमोद घोरते. झेपन का?" मुलगी म्हणाली, "मी पण घोरतो." सिंधूने तिथेच होकार दिला. ते लग्न चांगलं चाललं आहे. मला त्याचाही हेवा वाटतो.

नोकरी तिची जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होती. कापसाच्या गाड्या काट्यावर यायच्या, ही आत बसून नाव, गाव, वजन लिहायची. पुढे तिथे कॉम्प्युटर आला आणि हिला तो चालवायला शिकवला. मग काय विचारता. रस्त्याने जाताना गाडीवाले हात करून म्हणायचे, "राम राम, मॅडम." मी शेजारून चालत असे. मला कोणी मॅडम म्हणालं नाही. कोणी राम राम पण नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आधी गाड्या कमी झाल्या, मग काट्यावर कुत्री झोपायला लागली, मग जिनिंगला कुलूप. मालकाने कामावरच्या लोकांना सांगितलं, हापिसातलं सामान ज्याला जे लागतं ते घेऊन जा. कोणी खुर्ची नेली, कोणी कपाट. मी सिंधूला बजावलं होतं, पंखा आण. तो मोठा काळा पंखा, उन्हाळ्यात भिंतीपलीकडून मलाही वारा आला असता.

तिने कॉम्प्युटर आणला. सायकल रिक्षात, खाली गादी, वर चादर, स्वतः पायी चालत, एक हात त्याच्यावर. नवरीलासुद्धा एवढं जपून आणत नाहीत. मला तर बैलगाडीत गव्हाच्या पोत्यांवर बसवून आणलं होतं.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर बसला आणि ती उभी. सकाळी त्याला पुसायची. चालू केला की थोड्या थोड्या वेळाने पाठीवर हात ठेवून बघायची. "अंग गरम लागून राह्यलं," म्हणायची आणि बंद करायची. उन्हाळ्यात तिने कूलर त्याच्याकडे वळवला. माझ्या घरात कूलर नाही. तिच्या घरात आहे, आणि त्याचं तोंड डब्याकडे. मी म्हटलं, "अवो, माणसं उकडून राह्यली अन् तू लोखंडाले वारा घालून राह्यली." ती म्हणाली, "माणसाले सांगता येते बाई, उकडते म्हणून. याले सांगता येते का?"

प्रमोद दर सणाला यायचा आणि एकच म्हणायचा, आई, पुण्याला चल, इथे आता काय आहे? ती म्हणायची, मला इथे काम मिळणार आहे. आणि एका वर्षी खरंच मिळायला आलं. गावात नवा व्यापारी कापूस घेणार होता. त्याला मराठीत पावत्या टाइप करून हव्या होत्या. घरी बसून केलं तरी चालेल म्हणाला, फक्त कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम हवी. हिच्या डब्यात जुनी. त्या जुन्या सिस्टीमवर त्याची मराठी अक्षरं उघडत नव्हती, नुसते चौकोन दिसायचे. मला पहिल्यांदा त्या डब्याबद्दल आपुलकी वाटली. माझंही इंग्रजी अक्षरांपुढे तसंच होतं.

मग यवतमाळचे खानभाई आले. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग हे. पिकल्या दाढीचा सरळ माणूस. त्यांनी डबा उघडला, फुंकर मारली, आत बघत बसले. म्हणाले, "बाई, मशीन पुराना हाये. नवी सिस्टीम भारी असते. टाकाले काही नाही, पण याले झेपली पाहिजे."

सिंधूचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आयुष्यभर जो प्रश्न ती जगाला विचारत आली, तोच एक शिकलेला माणूस तिला विचारत होता.

खानभाईंनी आत मेमरीची एक पट्टी जास्तीची बसवली. म्हणाले, पुढल्या खेपेला एक सीडी आणतो. ती आत घातली की ती सगळं तपासते आणि पडद्यावर सांगते, जमेल का नाही. प्रमोदने फोनवर आईशी करार केला. सीडी हो म्हणाली तर तू आपल्या गावी, पांढरकवड्यालाच राहा, मी परत विचारणार नाही. नाही म्हणाली तर माझ्याबरोबर पुण्याला. सिंधू हो म्हणाली. मला वाटलं, बरं आहे, हिला काहीही झालं तरी काहीतरी मिळतंच. इकडे नोकरी, तिकडे लेक.

खानभाईंना वेळ मिळाला तो नेमका पोळ्याचा दिवस. सिंधू म्हणाली, पोळ्याला कोणी जुंपते का? प्रमोद म्हणाला, आई, मला परवा परत निघायचं आहे, उद्याच बघायचं.

आदल्या संध्याकाळी मी माझ्या बाजूला भाकरी थापत होते. भिंतीपलीकडून तुपाचा वास आला. मला वाटलं, लेक आला म्हणून शिरा. वाटीभर माझ्याकडे येईल म्हणून भाकरी एक कमी केली. मग तिचा आवाज आला, हळू, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल तर या घरातून कधीचे गेले. मला वाटलं, मातीच्या बैलांना म्हणते. मातीच्या बैलाला तूप आणि जावेला कोरडं, असं मनात म्हणत मी अर्धपोटी झोपले. डब्याच्या मागच्या जाळीतून ती पळसाच्या पानाने तूप चोळत होती, हे मला काय माहीत.

आता परत त्या पोळ्याच्या दुपारी या. डब्यातून तूप गळतं आहे. खानभाई खुर्चीत बसले. ते याच भागातले, त्यांनी कोणाला वेडं म्हटलं नाही.

"माह्या बापाकडे पण बैल होते बाई," ते म्हणाले. "तो पण शेकत होता. पण बैलात करंट नसते."

"चालू होईन का?" सिंधूने विचारलं.

"आता नाही होत."

"मी सांगतलं होतं," सिंधू म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी जुंपू नका. कोणी आयकलं का माहं? सणाच्या दिवशी जुंपलं, बसलं ते मटकन."

तुपामुळे बिघडलं हे तिने तेव्हा मान्य केलं नाही. आजही करत नाही.

प्रमोद म्हणाला, "आई, करार झाला होता. सामान भर." आणि बाहेर ओसरीवर आला. गल्लीतून बैल पोळ्याच्या तोरणाखाली उभे राहायला चालले होते, झुली घातलेले, शिंगं रंगवलेली. मी त्याच्या मागे आले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? कूलरही गेला, मॅडमही गेली.

मी म्हटलं, "घेऊन जा बाप्पा. तुह्या मायनं लय दिवस नाटकं केले."

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "मोठीआई, तुला खरंच वाटतं का तिला पावत्या टाइप करायच्या होत्या म्हणून? दर वेळी मी चल म्हणतो, दर वेळी ती एकच विचारते. मोठीआईले एकटीले झेपन का?"

मला राग आला. असा राग की पायातली चप्पल हातात घ्यावीशी वाटली. मला झेपत नाही म्हणे! नवरा गेला, झेपलं. गोठा रिकामा झाला, झेपलं. हिची नोकरी, हिचा लेक, हिचं तूप, एवढी वर्षं भिंतीपलीकडून सगळं झेपलं. आणि ही माझी काळजी करणार? मी डब्यासारखी गरम होते का, हे बघायला? हे सगळं मी त्याला ऐकवलं.

"हेच जाऊन सांग तिला," प्रमोद म्हणाला. "तू म्हटलंस की झेपतं, तर ती येईल."

मी आत गेले सांगायला. खानभाई आपलं सामान आवरत होते. सिंधू फरशीवर बसून फडक्याने तूप पुसत होती. डब्याची प्रत्येक फट बोटाने पुसत होती, जखम पुसावी तशी. बाजूला तिची पिशवी होती, एक लुगडं त्यात घातलेलं. तिने वर बघितलं. डोळे लाल, नाकावर हळद.

"बाई," ती म्हणाली, "झेपन का तुमाले?"

मला उत्तर पाठ होतं. ओसरीपासून उंबऱ्यापर्यंत तेच घोकत आले होते.

"नाही," मी म्हटलं. "ठेव ते लुगडं जागेवर."

तिने टाळी वाजवली नाही. फडकं पिळलं आणि परत पुसायला लागली. मग म्हणाली, "पुरण शिजून राह्यलं. जेवाले इकडेच या." मी म्हटलं, "तूप उरलं असन तर येतो."

प्रमोद एकटाच पुण्याला गेला. पावत्यांचं काम दुसऱ्या कोणाला मिळालं. सिंधू त्या डब्यात आता लसूण ठेवते, जाळी आहे म्हणून हवा लागते. मधल्या दाराची कडी मी काढून टाकली, ती तशीही गंजली होती. उन्हाळ्यात कूलरचं तोंड त्या दाराकडे असतं. वारा माझ्यापर्यंत येतो, पण आधी तिला लागतो, आणि याचा मला हेवा वाटतो.

जिनिंगच्या जागी आता गवत आहे. खानभाई वारले. डबा चालू झाला नाही. आम्ही दोघी आहोत.