बबनअण्णांची जुनी डिस्क

बबनअण्णा पाहुण्याची ख्यालीखुशाली विचारत नाहीत. "कायमचं का तात्पुरतं?" एवढंच विचारतात. मुक्कामाला आलेल्या जावयालाही त्यांनी हेच विचारलं. जावई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत गेला.

संगमनेरात त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. मी तिथं अल्बम लावतो. सगळ्या गावाचे कॉम्प्युटर विंडोजवर चालतात, अण्णांचं मशीन लिनक्सवर. "फुकाट हाय आन् नाटकं करत न्हाई," म्हणतात. नाटकं अण्णाच करतात. नवी डिस्क फॉरमॅट करायची तर आधी आंघोळ, मग उदबत्ती, मग बाकीच्या डिस्कच्या वायरी काढून ठेवायच्या. एकदा घाईत त्यांनी भलतीच डिस्क पुसली आणि पुणतांब्याच्या एका नवरदेवाचं अख्खं लग्न गेलं. नवरदेवाच्या बापानं भर दुकानात अण्णांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तेव्हापासून ही शिस्त.

फॉरमॅट झाली की डिस्कला नवा नंबर मिळतो, तो एका फाइलमध्ये एका ओळीत लिहायचा. मग मशीन चालू होताना तिला आपोआप जोडून घेतं. याला अण्णा 'कायमचं' म्हणतात.

हे दुकान दोघा भावांनी मिळून उभं केलं होतं. धाकटा सुरेश कॅमेरा सांभाळायचा, अण्णा मशीन. मग वाटणी झाली. सख्खा भाऊ, पक्का वैरी, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सुरेशनं समोरच दुकान टाकलं आणि जाताना मशीनमधली मोठी डिस्क उपसून नेली. अण्णांनी अडवलं नाही. गावाला फुकटची करमणूक झाली.

तेव्हापासून आमचं मशीन रोज सकाळी चालू होताना अडतं. फाइलमध्ये त्या डिस्कची ओळ अजून आहे, म्हणून ते तिची वाट बघत बसतं. तोवर पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक कंटाळून समोर सुरेशकडे जातं. दुकान असंच बसणार, हे दिसत होतं.

परवा नवी डिस्क जोडताना फाइल उघडीच होती. मी म्हटलं, "अण्णा, ही जुनी ओळ खोडू का? गिऱ्हाईक तुटतंय आपलं."

"ऱ्हाऊ दे."

माझं डोकं फिरलं. "अहो, सुरेश ती डिस्क परत आणतोय होय? आणि एव्हाना त्यानं ती फॉरमॅट केली असणार. फॉरमॅट केली की नंबर बदलतो, तुम्हीच शिकवलंय. आली तरी मशीन ओळखायचं नाही तिला."

"केलीय. म्याच करून दिली," अण्णा म्हणाले. "दिवाळीच्या आधी घिऊन आल्ता. त्याला त्यातलं काय कळतंय."

मला सुरेशच्या निर्लज्जपणाचा संताप आला आणि अण्णांचा त्याहून जास्त. "मग ही ओळ ठेवून काय मिळवताय?"

अण्णांनी नव्या डिस्कची ओळ तिच्याखाली लिहिली आणि फाइल बंद केली.

"जाताना दारात थांबला. म्हनला, अण्णा, माझी ओळ काढली का? म्या न्हाई म्हनलं. मंग आता कशी काढू?"