स्वावलंबनाचं जर्नल

पनवेलच्या एका महाविद्यालयाचा इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाशी करार झाला, आणि अकरा विद्यार्थ्यांनी पदवीचं तिसरं वर्ष तिकडे काढायचं ठरलं. बातमी आनंदाची असल्यामुळे महाविद्यालयाने ताबडतोब तिच्यावर कक्ष नेमला.

'परदेशगमनपूर्व सज्जता कक्ष' असं त्याचं नाव. प्रमुख प्रा. शैलेश दिघे. सरांनी इंग्लंडच्या व्हिसासाठी दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा तो फेटाळला गेला होता. तिकडची शिस्त किती कडक असते, याचा एवढा थेट अनुभव कॉलेजात दुसऱ्या कोणालाच नव्हता.

सरांनी पहिल्याच बैठकीत बिनतोड मुद्दा मांडला. आपल्याकडे जर्नल सर्टिफाइड असल्याशिवाय साधी प्रॅक्टिकलची परीक्षा देता येत नाही, मग जर्नलशिवाय इंग्लंडला कसं जाता येईल? तेव्हा प्रत्येकाने पंचवीस प्रयोगांचं जर्नल करायचं. खाकी कव्हर, डाव्या बाजूला पेन्सिलने समास. दहा ऑगस्टपर्यंत जर्नल सर्टिफाइड झालं तरच कॉलेजचं पत्र मिळणार, आणि पत्राशिवाय जाणं रद्द.

निवड यादीत पहिलं नाव होतं सुकापूरच्या केरेन झिराडकरचं. तिला जायचंच होतं. तिथल्या प्रयोगशाळेचे फोटो तिने इतक्या वेळा पाहिले होते की कुठल्या टेबलाशी आपण उभं राहायचं हेसुद्धा तिचं ठरलं होतं. तिचे वडील इनॉक तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, काट्यावर जो आकडा येईल तो वहीत लिहिणं. "आकडा आवडला नाही तरी तोच लिहायचा," असं ते लेकीला लहानपणापासून सांगत. बापाने मुलीच्या करिअरचं एवढं नुकसान सहसा करू नये.

प्रयोग क्रमांक एक होता 'रांगेत उभे राहणे'. साहित्य: रांग. तो मैदानावर सकाळी अकरा वाजता झाला, आणि केरेनची गैरहजेरी लागली. ती त्या वेळी खिडकी क्रमांक तीनपुढे बोनाफाइडसाठी चौतिसाव्या नंबरवर उभी होती. दोन तासांनी ती खिडकीशी पोचली, तेव्हा खिडकीतल्या शशिकला मॅडमनी जेवणाची पाटी लावली.

"सर, मी रांगेतच होते," केरेन म्हणाली.

"ती कामाची रांग. ही अभ्यासाची," सर म्हणाले. "दोन्हींची गल्लत करू नकोस."

प्रयोग क्रमांक चार थंडीचा. कॉलेजात चालू एसी एकच, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मे महिन्यात अकरा जण स्वेटर-मफलर घालून तिथे पाऊण तास बसले आणि प्राचार्यांनी सायकल स्टँडवर बसून फायली निकालात काढल्या. सगळ्यांनी लिहिलं, 'शरीराने थंडीशी जुळवून घेतले.' केरेनने लिहिलं, 'शिपाई सारखा दार उघडत होता. थंडी वाजली नाही. घामोळं आलं.'

प्रयोग क्रमांक सात सगळ्यांत मोठा, 'स्वावलंबन'. आठ दिवस स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचे कपडे, स्वतःची भांडी, आणि खाली पालकांची सही. केरेनने आठही दिवस इमानेइतबारे केलं. पहिले तीन दिवस भात करपला, चौथ्या दिवशी लगदा झाला, पाचव्या दिवशी पप्पांच्या पांढऱ्या शर्टाला तिच्या ओढणीचा रंग लागला. पाणी किती, आच किती, किती मिनिटं, सगळं तिने तक्त्यात मांडलं. निष्कर्षात लिहिलं, 'विद्यार्थिनी अजून पूर्ण स्वावलंबी झालेली नाही. भात मात्र आता येतो.' इनॉकनी सही केली, गुलाबी शर्ट घालून.

जर्नल परत आलं.

"प्रयोग चुकलाय," दिघे सर म्हणाले. "निष्कर्ष 'विद्यार्थी स्वावलंबी झाला' असा यायला हवा. बाकी दहांचा तसाच आलाय, शब्दन् शब्द. शिवाय तुझं अक्षर वेगळं आहे."

"माझं आहे ना सर, म्हणून."

"तेच म्हणतोय मी. बाकीच्यांचं एकसारखं आहे. बॅचमध्ये एकसूत्रता नको?"

मुदतीला सहा दिवस उरले होते. नेमकी त्याच सुमारास केरेनची शुलामिथआत्या इंग्लंडहून आली होती. आत्या एकतीस वर्षं लेस्टरच्या एका इस्पितळात नर्स होती. भाचीचं जर्नल वाचून ती तडक कक्षात आली.

"अहो सर, तिकडे कोणी असलं काही विचारत नाही हो. पोरीला भात येतो ना? मग झालं!"

सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, तुम्ही गेलात तेव्हा जर्नल केलं होतं?"

"नाही बा."

"म्हणजे एकतीस वर्षं तुम्ही विनातयारी राहिलात." सरांना खरोखरच वाईट वाटलं. "आता अधिकाराने बोलायचं तर आधी रहिवासाचा दाखला आणा, साक्षांकित करून. खिडकी क्रमांक तीन."

आत्या पावणेतीन तास खिडकीपुढे उभी राहिली आणि पाटी बघून परत आली. "एकतीस वर्षांत तिकडे एवढी रांग लावली नाही ग मी," ती रिक्षात म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत पाय चोळत राहिली.

शेवटी वसुंधराकाकू धावून आल्या. काकू म्हणजे निवड झालेल्या अनुष्काच्या आई, नवीन पनवेलला राहणाऱ्या. दहाही जर्नलं त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरातली होती. बाकीच्या नऊ आया त्यांच्या घरी जमून समास आखत, कव्हरं घालत, अधूनमधून चहा करत. स्वावलंबनाचा प्रयोग चालू असताना मुलांना कशाचाही त्रास होऊ नये, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"आण ग इकडे," काकू म्हणाल्या. "दहा लिहिली, अकरावं काय जड आहे? तू आपली बॅग भर."

"पण काकू, मी खरंच केलेत ते प्रयोग."

"केलेस ना? मग लिहिण्यात कशाला वेळ घालवतेस!"

केरेनने दोन दिवस जर्नल दिलं नाही. मग डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतलं ते टेबल आलं, आणि तिने कोरं जर्नल काकूंच्या हातात ठेवलं. पालकांच्या सहीसाठी ते घरी आलं, तेव्हा इनॉकनी सातवा प्रयोग वाचला. 'भात उत्तम झाला. कपडे स्वच्छ निघाले.' त्यांनी आपल्या गुलाबी शर्टाकडे पाहिलं आणि सही केली. केरेनला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नऊ ऑगस्टला जर्नल सर्टिफाइड झालं. शेरा होता, 'अक्षरात लक्षणीय सुधारणा.'

सप्टेंबरात अकरा स्वावलंबी विद्यार्थी इंग्लंडला पोचले. तिसऱ्या दिवशी घरचे ठेपले संपले आणि ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या पिशवीभोवती उभे राहिले. त्यांच्यातल्या निनादने काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकू उचलेनात. त्या शेजारच्या सोसायटीत पुढच्या बॅचचे समास आखत होत्या.

तेव्हा केरेनने बॅगेच्या तळातून आपलं नापास जर्नल काढलं. प्रयोग सात, तक्ता दुसरा: तांदूळ एक वाटी, पाणी दोन, आच मंद, मिनिटं पंधरा. त्याच प्रमाणात अकरा जणांचा भात झाला. सगळे पोटभर जेवले, अनुष्का तर पातेलं खरवडून जेवली. केरेनने पप्पांना फोन केला आणि एवढंच म्हणाली, "आकडा बरोबर होता, पप्पा."

निनादने त्या पानाचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. दिघे सरांनी तो आदर्श प्रयोग म्हणून पुढच्या बॅचसाठी मंजूर केला. करपलेल्या भाताच्या तीन ओळी तेवढ्या गाळल्या आणि वसुंधराकाकूंकडून पान नव्याने लिहून घेतलं.

तुम्हाला हसू आलं असेल, तर हसून घ्या. मग तुमच्या जेवणाच्या टेबलावर मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टचा ज्वालामुखी वाळत ठेवलाय, त्याचा रंग सुकला का ते बघा. आणि खाली 'हे मी स्वतः केले' असं लिहाल, तेव्हा अक्षर जरा वाकडं काढा.